दीपगृहाचं टनावारी भिंग विजेशिवाय फिरायचं कसं?

दर्यासारंग: बेटांवरच्या जुन्या दीपगृहांत वीज नव्हती, तरी दोन-तीन टनांचं भिंग रात्रभर एकाच गतीनं फिरायचं. ते पाऱ्यावर तरंगायचं म्हणतात. मग तितकाच टनावारी पारा लागायचा का? आणि गती कशी राखायचे?

यंत्रवेडा: नाही, गंमत तिथेच आहे. ३ टन तोलायचे तर सुमारे २२० लिटर पाऱ्याची जागा व्यापावी लागते, पण तेवढा पारा जवळ असावा लागत नाही. गोल चरात जेमतेम मावेल असं पोकळ कडं बसवायचं आणि मधल्या अरुंद फटीत पारा ओतायचा. पातळी महत्त्वाची, साठा नव्हे. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलचं पहिलं भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात लागलं, तेव्हा पारा नव्हता. रुळांवरची फिरती भिंगं संथच चालायची. पारा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला.

गती द्यायला घड्याळाचंच तत्त्व: मनोऱ्याच्या पोकळीत साखळीला टांगलेलं वजन हळूहळू उतरतं, दातेरी चक्रं फिरतात आणि गव्हर्नर हा वेगनियंत्रक वेग वाढू देत नाही. वजन तळाला टेकायच्या आत हँडल मारून वर घ्यायचं. भिंगाला ४ बाजू आणि फेरी ४० सेकंदांची असेल, तर दर १० सेकंदांनी झोत. हा आकडा चुकला की खलाशाला ते भलतंच दीपगृह वाटणार! म्हणून यंत्र बिघडलं तर रखवालदार घड्याळ बघत हातानं भिंग फिरवायचे.

रॉकेलबत्ती: पाऱ्यावर धूळ आणि ऑक्साइडची साय धरते, भिंग जड चालतं. मग पारा काढून मऊ कातड्यातून गाळायचा. बंद खोलीत त्याची वाफ विषारी, हे विसरू नका.

दिव्याचं म्हणाल तर विसाव्या शतकात बऱ्याच ठिकाणी मोठी पेट्रोमॅक्सच म्हणा: स्पिरिटनं नळी तापवायची, दाबाखालचं रॉकेल तिथे वाफ होऊन मॅन्टलमध्ये, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या जाळीत, जळतं. नळी पुरती तापली नसेल तर कच्चं रॉकेल भडकून काजळी भिंगावर बसते. वाफ बाहेर पडते त्या छिद्रात कार्बन साचला की उजेड पिवळट पडतो, सुई फिरवावी लागते.

दर्यासारंग: आणि दिवसा पडदे का लावायचे?

यंत्रवेडा: भिंग उलटंही काम करतं. बाहेरचं ऊन आत बर्नरवर एकवटतं, आग लागू शकते. ज्योत विझवली की पडदे ओढायचे, मग बाकीची साफसफाई.