शब्दचर्चा: 'व्हिज्युअल स्टोरीटेलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

तिरफळ
सिंधुदुर्गातल्या काही महिला बचत गटांबरोबर काम करते. आमसुलं, आगळ (म्हणजे कोकमाचा खारवलेला रस), कोकम सरबत हा त्यांचा मुख्य माल. मोबाइलवर फोटो आणि छोटे व्हिडिओ काढून आपला माल गिऱ्हाइकापर्यंत कसा न्यायचा, यावर त्यांच्यासाठी एक कार्यशाळा ठरली आहे. पत्रकाच्या मसुद्यात 'व्यवसायवृद्धीसाठी व्हिज्युअल स्टोरीटेलिंग' असं आलं आहे. ते बदलायचं आहे. आतापर्यंत सुचलेले पर्याय: दृश्यकथन, चित्रकथा, कथाचित्रण. नुसता प्रतिशब्द मिळून भागणार नाही, तो घेऊन दिवसभर बोलता आलं पाहिजे. म्हणून अर्थाच्या छटाही सांगा.

बोरूटाक
दृश्यकथन. 'दृश्यकला' रुळलेला आहे, 'दृक्‌श्राव्य' तर शाळेतल्या मुलांनाही कळतो. त्याच घराण्यातला शब्द आहे, पत्रकावर शोभेल.

पागोळी
मला दृश्यकथन पटत नाही. 'दृश्यकला'त दृश्य हे विशेषण आहे, पण एकटं 'दृश्य' कानावर पडलं की आपल्याला नाटक-सिनेमातला प्रसंग आठवतो, नाहीतर डोंगरदऱ्यांचा देखावा. त्यामुळे 'दृश्यकथन' म्हणजे समोरच्या दृश्याचं तोंडी वर्णन, असा अर्थ आधी लागतो. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी पडद्यावर काय चाललंय ते सांगतात, त्याला हा शब्द जास्त साजेल. इथे तर दृश्यानेच सांगायचं आहे.

'चित्रकथा' म्हटलं की मुलांची चित्रांची पुस्तकं डोळ्यापुढे येतात. शिवाय कथा ही वस्तू झाली, तिरफळताईंना कृतीसाठी शब्द हवा आहे. 'कथाचित्र' तर आधीच गुंतलेला आहे. दिवाळी अंकात कथेच्या डोक्यावर किंवा मध्ये जे चित्र छापतात ते कथाचित्र. तिथे कथा आधी लिहिलेली असते आणि चित्र तिच्या सोबतीला येतं. तुमच्या कामात याच्या उलट आहे.

म्हणून 'कथन' ठेवा आणि 'दृश्य'च्या जागी 'चित्र' आणा: चित्रकथन.

बोरूटाक
पण चित्र म्हणजे काढलेलं, रंगवलेलं. फोटो आणि व्हिडिओ त्यात कसे बसणार?

जुनी शाई
बसतात, आणि चांगले ऐसपैस बसतात. छायाचित्र, चित्रफीत, चित्रीकरण, चित्रपट यांतलं काहीच कुंचल्याने काढलेलं नाही. मराठीने गेल्या शंभर वर्षांत 'चित्र' एवढा रुंद करून ठेवला आहे की त्यात रीलसुद्धा सहज मावते. 'चित्रपट'मधला पट म्हणजे मुळात कापड. चित्रांचा पट उलगडून त्यावरची कथा सांगण्याची चाल देशात फार जुनी. नवं यंत्र आलं तेव्हा लोकांनी जुनाच शब्द त्याला दिला.

आणि सिंधुदुर्गात बसून हा शब्द शोधताय, तर कुडाळजवळच्या पिंगुळीला विसरून चालणार नाही. तिथल्या ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी असते. कथा रामायण-महाभारतातली. एक चित्र समोर धरायचं, त्यावर गायचं, बोलायचं, मग पुढचं. सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथातही चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी या कलेचं संग्रहालयही उभं केलं आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही चित्रकथी चित्रं बघायला मिळतात. ती जरूर बघा, तुमच्या कामाच्या दृष्टीने बघा.

त्यांतल्या बऱ्याच चित्रांत दोन-तीन पात्रं समोरासमोर असतात, डोळे मोठे, हात काहीतरी सांगत असल्यासारखे. कोण कोणाला काय म्हणतंय ते चित्रावरून पुरतं कळत नाही. ते गाणारा सांगतो. पण गाणाऱ्याचे शब्द विसरले तरी ती आकृती लक्षात राहते. चित्र आणि सांगणं यांची अशी वाटणी तिथे झालेली आहे. म्हणून 'चित्रकथन' हा नवा घडवलेला शब्द वाटतच नाही. चित्रकथी जे करतो ते चित्रकथन, इतकं सरळ आहे.

तिरफळ
जुनी शाई, पिंगुळी आमच्या गटांना अगदी जवळ आहे आणि हे डोक्यातच आलं नव्हतं. चित्रकथन जवळजवळ ठरलंच.

आता पुढचा प्रश्न. हा शब्द कशाकशाला लावायचा? धंद्याच्या बोलण्यात सध्या प्रत्येक देखण्या फोटोला स्टोरीटेलिंग म्हणतात. केळीच्या पानावर आमसुलं, शेजारी पितळेची वाटी, बाजूला जास्वंद. फोटो छान आहे. पण ते चित्रकथन आहे का?

पागोळी
नाही. ती मांडणी आहे. 'कथन' शब्द वापरलात की 'पुढे काय?' हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात यायला हवा. त्या फोटोत पुढे काही नाही.

नांगरट
म्हणजे एका चित्रात कथन होतच नाही असं म्हणायचंय का? अमूलचे फलक बघा. १९६६ पासून तीच ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी आहे, आणि प्रत्येक फलकावर चित्र एकच.

पागोळी
तिथे गोष्टीचा आधीचा भाग बघणाऱ्याला ठाऊक असतो. क्रिकेटचा सामना झालेला असतो, निवडणूक झालेली असते, पेपरात येऊन गेलेलं असतं. फलक फक्त शेवटची चौकट दाखवतो. शिवाय इतक्या वर्षांत ती मुलगी ओळखीची झाली आहे. नव्या धंद्याकडे यातलं काहीच नसतं. गिऱ्हाइकाला मागचं माहीत नाही, तर एकट्या चित्राकडून कथनाची अपेक्षा धरता येत नाही.

इथेच अजून दोन शब्द वेगळे करून ठेवते, कारण तेही यात मिसळले जातात. बोधचिन्ह वेगळं आणि पात्र वेगळं. बोधचिन्हाचं काम ओळख पटवणं. पात्र काहीतरी करतं. एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली गट्टू काढला. हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला खोडकर पोरगा. त्याच्याकडे बघितलं की आता हा कुठली भिंत रंगवणार असं वाटतं, म्हणून तो पात्र. नुसतं गोल चिन्ह असतं तर असं वाटलं नसतं.

जुनी शाई
'पुढे काय'वरून फाळक्यांची गोष्ट सांगायलाच हवी. ती या विषयाच्या गाभ्यातली आहे. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत असतो. पण त्याआधी त्यांना भांडवल हवं होतं, आणि चित्रपट हा धंदा होऊ शकतो यावर इथे कोणाचा विश्वास बसणार? त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचं रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. जोडून दाखवलं तेव्हा बी फुटून वेल झरझर वर चढताना दिसली. त्या छोट्या फिल्मने कर्ज देणाऱ्याचं मन वळलं.

यात बोललेला एक शब्द नाही. आकडेमोड नाही, आश्वासनं नाहीत. रोप मोठं होताना दाखवलं आणि आपलं यंत्र काय करू शकतं ते सिद्ध केलं. धंद्यासाठी चित्रकथन कसं करावं याचं आपल्याकडचं इतकं जुनं आणि इतकं चोख उदाहरण दुसरं मला माहीत नाही. कार्यशाळेची सुरुवात यानेच करा.

नांगरट
मग तिरफळताईंचं काम सोपं झालं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडावर, मग ती फोडताना, साली उन्हात, रसाचं पुट देताना, तयार आमसूल. एकामागून एक फोटो लावले की चित्रकथन.

पागोळी
इथे थोडं थांबावंसं वाटतं. तुम्ही सांगितलीत ती कृती आहे. पाककृतीच्या पानावरही पायऱ्या क्रमाने असतात, तिला आपण गोष्ट म्हणत नाही. क्रम हवा हे खरं, पण तेवढ्याने कथन होत नाही. वाटाण्याच्या फिल्ममध्ये बघणारा श्वास रोखून बघतो, कारण जे डोळ्याला कधी दिसत नाही ते तिथे घडतं. गोष्टीत कशाची तरी ओढ किंवा अडसर लागतो.

तिरफळ
अडसर आमच्याकडे भरपूर आहे, आणि तो म्हणजे पाऊस!

रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये. साल वाळवायची, गराच्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, असं अनेकदा. प्रत्येक पुटाला कडक ऊन हवं. आणि मेच्या शेवटी शेवटी वळवाचे ढग यायला लागतात. फळ लवकर पिकत नाही आणि पाऊस थांबत नाही, त्या मधल्या दिवसांत वर्षाचा माल करायचा असतो. ढग दिसले की अंगणातली सगळी माणसं धावतात, ताडपत्र्या ओढतात, सुपं-टोपल्या घरात नेतात. गटातल्या बायका हे इतकं रोजचं मानतात की त्याचा फोटो काढावा असं कोणालाच वाटलेलं नाही. आमच्याकडे सगळे फोटो तयार पाकिटाचे आहेत.

पागोळी
तिथेच तुमची गोष्ट आहे. भरून आलेलं आभाळ आणि खाली अंगणभर लाल साली, या एका चित्रात 'पुढे काय' आहे. त्यानंतर दाखवलेलं पाकीट नुसतं पाकीट राहत नाही, ते पावसाच्या आत घरात आलेलं असतं. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक आमसुलाच्या भावावरून घासाघीस करतं, कारण त्याला ते दिवस दिसलेले नसतात. ते दाखवा. खरंच घडतं तेच दाखवायचं, ताडपत्री ओढण्याचं नाटक करायला लावायचं नाही. बनवलेली घाई लगेच ओळखू येते.

बोरूटाक
हे सगळं पटलं. दृश्यकथनाचा आग्रह सोडतो. हरदासाची कथा मूळपदावर आणायची तर: 'जाहिरात' हा शब्द का टाळतोय आपण? 'चित्रांतून जाहिरात' साध्या माणसालाही कळेल. आणि जाहीर हा शब्द अरबी 'जाहिर'वरून आला, त्याचा अर्थच उघड, दिसणारा. म्हणजे दाखवणं त्या शब्दात मुळातच आहे.

जुनी शाई
व्युत्पत्ती बरोबर आहे. टाळायला नकोच. पण व्याप्ती वेगळी आहे. जाहिरातीत 'घ्या' असं कुठेतरी सांगितलेलं असतं, उघड किंवा आडून. कथनात 'हे असं होतं' एवढंच सांगतात, घ्यायचं की नाही ते ऐकणाऱ्यावर सोडतात. किर्लोस्करांनी १९२० साली कारखान्याचं नियतकालिक काढलं तेव्हा नाव ठेवलं 'किर्लोस्कर खबर', आणि संपादन केलं शंकरराव किर्लोस्करांनी, जे चित्रकलेचं शिक्षण घेतलेले चित्रकार होते. लोखंडी नांगराने जमीन बिघडते अशी शंका घेणाऱ्या शेतकऱ्यांना ज्यांनी नांगर विकला होता, त्या घराला 'घ्या घ्या' म्हणण्याची मर्यादा नीट ठाऊक असणार. हा माझा तर्क, पण 'खबर' हा शब्द मला फार बोलका वाटतो.

'मार्केटिंग'ला मात्र विपणन म्हणू नका. सरकारी कागदाबाहेर तो शब्द चालत नाही. 'मार्केटिंग' किंवा 'विक्री' पुरे.

नांगरट
फोटोखाली जे लिहायचं त्याला काय म्हणायचं? कॅप्शन?

पागोळी
वृत्तपत्रांत 'चित्रओळ' म्हणतात. देखणा शब्द आहे, चित्रकथनाशी जुळतोही. आणि चित्रकथीची ती वाटणी इथे उपयोगी पडेल. चित्रात दिसतंय ते चित्रओळीत पुन्हा लिहायचं नाही. लाल सालींच्या फोटोखाली 'उन्हात वाळत घातलेली आमसुलं' लिहून काय मिळालं? 'हे चौथं पुट. अजून दोन ऊन मिळाली तर जमलं' असं लिहिलं तर चित्रात नसलेलं कळतं.

शिवाय स्वतःचे शब्द सोडू नका. आगळ, पुट, मुठेल. मुठेल म्हणजे बियांचं तेल हे बाहेरच्या गिऱ्हाइकाला माहीत नसेल, पण बिया कुटण्यापासून वडी वळेपर्यंतची चित्रं खाली असतील तर शब्द आपोआप कळतो. गोव्यातल्या गिऱ्हाइकासाठी रातांब्याला भिरंड म्हणायला विसरू नका.

तिरफळ
पत्रकावर असं छापते: 'चित्रकथन: फोटो-व्हिडिओतून आपल्या मालाची गोष्ट'. कार्यशाळा मेअखेरीऐवजी एप्रिलमध्येच घ्यायचा प्रयत्न करते, म्हणजे शिकल्यावर काढायला फळ झाडावर असेल.

एक राहिलं. हे शिकून जी बाई गटासाठी चित्रकथन करेल, तिला काय म्हणायचं? सहभागाच्या प्रमाणपत्रावर 'चित्रकथी' लिहिलं तर?

जुनी शाई
ते नको. चित्रकथी हे एका परंपरेचं नाव आहे, आणि ती परंपरा ज्यांनी वाईट दिवसांतही सांभाळली ती माणसं तुमच्या शेजारच्या गावात आहेत. एका दिवसाच्या कार्यशाळेने ते नाव घेता येत नाही. प्रमाणपत्रावर 'चित्रकथन कार्यशाळेत सहभाग' एवढंच लिहा. जमलं तर पिंगुळीहून कोणाला तरी मानधन देऊन बोलवा आणि गटातल्या बायकांना एक पोथी पूर्ण ऐकू द्या.

तिरफळ
बोलवते. मानधनाची तरतूद आधी करून घेते, मग तारीख ठरवू.