गेमची कल्पना तयार आहे, आता सुरुवात कुठून?

नवखा०७: कोड्यांच्या गेमची गोष्ट, नकाशे, पात्रं वहीत तयार आहेत. गोडो (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शिकतोय. आधी चित्रं काढून घेऊ का?

रात्रपाळी: चित्रं अजिबात नको. राखाडी चौकोन घेऊन एकच कोडं खेळता येईल एवढं बनवा. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'च्या वेळीही लेव्हल्सच्या आधी मारिओचं पळणं आणि उड्या घोटून घेतल्या होत्या, सशामागे पळवून. मी पहिल्या गेमची पार्श्वभूमी आठ महिने रंगवत बसलो. मग उडी जड वाटली म्हणून बदलली, तर प्रत्येक फळीचं अंतर चुकलं. सगळं पुन्हा रंगवलं. फार जिवाला लागलं ते.

कोडंप्रेमी: ते कोडं अनोळखी माणसाला द्या, शेजारी बसा आणि काहीही समजावू नका. तो कुठे अडतो ते टिपा.

नवखा०७: आणि रिलीज?

रात्रपाळी: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमचं पान आणि डेमो खूप आधी टाका, लोक विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकून ठेवतात. 'माइनक्राफ्ट' २००९ पासून अर्धवट अवस्थेतच विकला जात होता, पूर्ण आवृत्ती २०११ ला आली. सेव्ह फाइल, कंट्रोलर, सेटिंग्ज यांना मात्र भरपूर वेळ ठेवा. पण आज फक्त चौकोन हलवा. जमला की इथे टाका, मी खेळून बघतो.