बे विंडोच्या कोपऱ्यात पडद्याचा रॉड जोडायचा कसा?

राजेंद्रनगरची सून

नमस्कार. इंदूरला राजेंद्र नगरात आमचा जुना फ्लॅट आहे. हॉलला बे विंडो आहे, म्हणजे भिंतीबाहेर काढलेली तीन बाजूंची खिडकी. मधली बाजू मोठी, दोन्हीकडच्या तिरप्या आणि अरुंद. तोंड पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी चारनंतर तिथे बसवत नाही, आणि सासूबाईंचा दिवाण नेमका तिथेच. तो हलवायचा नाही, हे ठरलेलं आहे.

सध्या तीन बाजूंना तीन सुटे रॉड आहेत. दुकानातून आलेल्या मुलाने घाईघाईत ठोकून दिले. प्रत्येक रॉडच्या टोकाला शोभेचा गोळा, आणि गोळे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून कोपऱ्यात चांगली चार बोटं फट. त्या फटीतून उन्हाचा पट्टा येतो तो थेट सासूबाईंच्या डोळ्यांवर. त्या रोज विचारतात, "हा पडदा आहे की चाळणी?"

आता एकच सलग रॉड करायचा विचार आहे. सियागंजात एकाने काटकोनी एल्बो दाखवला. तो आमच्या कोपऱ्यात बसणार नाही हे मलाही दिसतं. दुसऱ्याने मधोमध खिळा असलेला, हवा तसा दुमडणारा जोड दाखवला. तो घ्यावा का? कोन कसा मोजायचा? पाईप किती कापायचा? पडदे आयलेटचे आहेत, गेल्या दिवाळीला शिवलेले, ते बाद करायचे नाहीत. आणि हो, मच्छरजाळीची दारं आत उघडतात.

यजमान म्हणतात, सगळं काढून ब्लाइंड्स लाव. त्यांना विचारलेलं नाही.

वाड्यातला धाकटा

ताई, कशाला एवढा व्याप? आमच्या रामबागेतल्या घरी अजून स्प्रिंग आहे. दोन्ही कोपऱ्यांत हुक मारायचे, त्यांच्यावरून स्प्रिंग ओढायची, काम खतम. पैसे पण काहीच लागत नाहीत.

फिटरकाका

धाकट्या, स्वयंपाकघरातल्या अर्ध्या पडद्याला स्प्रिंग ठीक आहे. अस्तराच्या जड पडद्याला लावलीस तर चार महिन्यांत मधोमध झोळ पडेल. शिवाय ताणलेली स्प्रिंग कोपऱ्यातला हुक रात्रंदिवस भिंतीतून बाहेर ओढत असते. नुसत्या प्लास्टरमधला हुक किती दिवस टिकणार?

ताई, मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवत होतो, त्यामुळे सूर मास्तरकीचा लागेल, चालवून घ्या. रॉडचं नंतर बघू. आधी त्या दिवाणावर बसून ठरवा, की पडदे उघडे असताना कापड कुठे गोळा होऊन राहणार. एक तर तिन्ही बाजूंचे पडदे आपापल्या बाजूलाच सरकतील आणि कोपऱ्यांत जमा होतील. नाही तर सगळं कापड कोपरा ओलांडून पार दोन्ही टोकांच्या भिंतींपर्यंत जाईल आणि खिडकी पूर्ण मोकळी होईल. बाकी सगळं सामान या एका उत्तरावर ठरतं, आणि दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कोपरा ओलांडणं आयलेटला जमत नाही. आयलेट म्हणजे कापडात ठोकलेलं बंद कडं, आणि पाईप त्यातून ओवलेला. ब्रॅकेट आला की कडं अडतं, जोड आला की अडतं. कापड कोपऱ्यापलीकडे न्यायचंच असेल तर एका बाजूला फट असलेल्या सी-रिंगा आणि त्यांना वाट देणारे खास ब्रॅकेट लागतात. किंवा रॉडचा नाद सोडून छताला ॲल्युमिनियमचा ट्रॅक, कोपऱ्यात मोठ्या गोलाईने वाकवलेला. ट्रॅक कचकन दुमडला की आतली खाच चेपते आणि खाचेतून सरकणारा, पडदा धरणारा रनर तिथे जो अडकतो तो कायमचा.

तुम्हाला पडदे बाद करायचे नाहीत, म्हणजे पहिला मार्ग. दुमडणारा जोड खुशाल घ्या. पण त्याचं काम दोन पाईपांची टोकं जुळवून धरायचं, वजन पेलायचं नाही. प्रत्येक कोपऱ्यात जोडाच्या दोन्ही अंगांना चार-पाच इंचांच्या आत एकेक ब्रॅकेट हवाच. एकच ब्रॅकेट लावून जोडावर भिस्त ठेवली की जोडाचा बारीक स्क्रू हळूहळू ढिला होतो, कोपरा खाली बसतो, आणि मग दोष जोडाला.

कोन मोजायला कोनमापक नको. ब्रॅकेट ज्या उंचीवर बसणार, म्हणजे चौकटीच्या वर चार-पाच इंच, तिथे कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर ३० सेंटिमीटरवर पेन्सिलीची खूण करा. मग या खुणेपासून त्या खुणेपर्यंत टेप हवेतून सरळ ताणा. ४२.४ आलं तर काटकोन. ५२ म्हणजे १२० अंश, ५५.४ म्हणजे १३५, ५८ म्हणजे १५०. खाली कट्ट्यावर मोजू नका, गवंड्याचं प्लास्टर वर एक आणि खाली दुसरंच असतं. आणि दोन्ही कोपरे वेगवेगळे मोजा. एक मोजून दुसरा तसाच धरू नका.

जाळीचं दार रॉडच्या खालून जाईल, अडलं तर कापडाला अडेल. त्याची बिजागरी कोपऱ्याकडे आहे की दुसरीकडे, तेही कळवा.

राजेंद्रनगरची सून

काका, मोजलं. टेपचं दुसरं टोक धरायला यजमान उपयोगी पडले. उजव्या कोपऱ्यात ५५.५, डाव्या कोपऱ्यात ५४. मधली भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८३. ब्रॅकेट एक नमुना आणलाय, भिंतीपासून पाईपच्या मध्यापर्यंत ९ सेंटिमीटर भरतो. डावीकडच्या जाळीची बिजागरी कोपऱ्याकडे आहे, उजवीकडची उलट बाजूला. पाईप एक इंची स्टीलचा घेणार आहे.

फिटरकाका

शाब्बास. उजवा कोपरा १३५ आणि डावा १२८ च्या आसपास आला. सात अंशांचा फरक! १३५ चा ठरीव एल्बो आणला असता तर उजवीकडे चपखल बसला असता आणि डावीकडे पाईप भिंतीपासून फाकला असता. म्हणून दुमडणाराच घ्या.

आता कापायचं माप. इथेच लोक फसतात. पाईप भिंतीला चिकटून जात नाही, ९ सेंटिमीटर आतून जातो, त्यामुळे तो भिंतीपेक्षा आखूड लागतो. किती आखूड? १३५ च्या कोपऱ्यात वळण ४५ अंशांचं, त्याचं निम्मं साडेबावीस, त्याचा टॅन ०.४१४. गुणिले ९, म्हणजे ३.७ सेंटिमीटर. १२८ ला वळण ५२, निम्मं २६, टॅन ०.४८८, म्हणजे ४.४. दोन्ही मिळून ८.१ गेले, १८३ मधून उरले साधारण १७५. हे झालं एका जोडाच्या खिळ्यापासून दुसऱ्या जोडाच्या खिळ्यापर्यंतचं अंतर. जोडाचं अंगही जागा खातं. खिळ्यापासून पाईप आत जिथे टेकतो तिथपर्यंत मोजा. समजा २ भरलं, तर दोन्हीकडचे मिळून ४ वजा, पाईप १७१ चा. फुटांत सांगायचं तर ५ फूट ७ इंच. भिंतीचं माप सांगून ६ फुटांचा तुकडा आणला असता तर तो ब्रॅकेटवर चढलाच नसता.

टॅन बघून पोटात गोळा येत असेल तर एखाद्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. त्यावर कोपऱ्याच्या दोन भिंतींच्या रेषा मोजलेल्या कोनात काढा, ९ सेंटिमीटर आत त्यांना समांतर रेषा ओढा. समांतर रेषा जिथे मिळतील तिथे जोडाचा खिळा. मी स्वतः आकडेमोड करूनही पुठ्ठा काढतोच. दोन्हींचं उत्तर जुळलं तरच आरी हातात घ्यायची.

कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा, आरी घसरत नाही आणि पॉलिशही उडत नाही. कापल्यावर टोकाची धार कानशीने मारून घ्या, नाही तर आयलेट ओरखडतात. आधी मधला पाईप कापून ब्रॅकेटवर ठेवून बघा. बाजूचे दोन शेवटी कापा. त्यांचं बाहेरचं टोक मोकळं असल्याने थोडंफार इकडेतिकडे झालं तरी तिथे खपून जातं. तुमचे शोभेचे गोळे त्या टोकांना.

मधल्या पाईपला मधोमध आणखी एक ब्रॅकेट द्या. पाच फुटांचा गाळा पातळ पाईपला झेपत नाही, आणि तुमचे पडदे मधून दोन्हीकडे उघडणारे असतील तर तो आड येत नाही.

डावीकडे बिजागरी कोपऱ्यात आहे, म्हणजे तिथला पडदा कोपऱ्यात गोळा केला तर जाळीचं दार त्याच्यावर दाबून अर्धंच उघडेल. तो एक पडदा बाहेरच्या टोकाकडे सरकवायचा ठेवा. उजवीकडे काही अडचण नाही.

मशीनवाली मावशी

काकांनी रॉडचं छान सांगितलं, पण फट बुजते ती कापडाने. मी लोकमान्य नगरात घरीच पडदे शिवते, म्हणून बोलते.

कोपऱ्यातला ब्रॅकेट आणि जोड यांच्यामध्ये काकांनी जे चार-पाच इंच ठेवलेत, तिथे दोन्ही पडद्यांचं शेवटचं एकेक आयलेट अडकवायचं. बाकीची आयलेट ब्रॅकेटच्या अलीकडे. म्हणजे पडदा कितीही सरकवला तरी त्याची कड कोपऱ्यातच राहते आणि दोन कडा एकमेकींना भिडतात. ऊन यायला जागाच नाही. डावीकडचा जो पडदा बाहेर सरकवायचा म्हणताहेत त्याचं आयलेट मात्र मोकळं ठेवा, आणि त्या कोपऱ्यात मधल्या पडद्याची कड तीनेक इंच जास्त येऊ द्या.

पडदे ओवायचे ते जोड आवळण्याआधी. आवळून, ब्रॅकेटवर चढवून, मग हातात पडदा घेऊन वर बघत उभे राहिलेले लोक मी पाहिलेत.

आयलेटची संख्या सम हवी, तरच दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम असली की एक कड खोलीत डोकावते आणि तुमच्या कोपऱ्यात पुन्हा फट.

आता मापाचं. बाजूला एकेक चार फुटी पडदा पुरेल, अरुंद आहे म्हणता. पण मधल्या १७५ सेंटिमीटरला चार-चार फुटांचे दोनच असतील तर दीडपटही कापड होत नाही. ओढल्यावर चुण्याच उरत नाहीत आणि आरपार दिसतं. एक जादा पडदा शिवून उभा अर्धा कापा आणि दोन्हींना अर्धा-अर्धा जोडा, मग दुपटीच्या वर जाईल. नवं कापड आणायला क्लॉथ मार्केटमध्ये जाल तेव्हा जुना पडदाच बरोबर न्या आणि दुकानाबाहेर उजेडात धरून बघा. पश्चिमेच्या उन्हाने वर्षभरात रंग उतरलेला असतो, तंतोतंत मिळणार नाही. म्हणून जोडपट्टी कोपऱ्याच्या कडेला घ्या, मधोमध नको.

अस्तर सुती लावणार असाल तर आधी भिजवून वाळवून घ्या. नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि पडदा खालून वर ओढला जातो. अस्तराची खालची दुमड पडद्याला शिवू नका, सुटी लोंबू द्या.

बडोदेकर

इंदूरकरांनो, मध्ये बोलतो. आमच्याकडे दांडिया बाजारातल्या जुन्या घरात अशीच खिडकी आहे, पण दांडा सागवानी. लाकडाला दुमडणारा जोड मला काही आवडत नाही, डोळ्यांत खुपतो. सुताराकडून दोन्ही तोंडं वळणाच्या निम्म्या कोनात कापून घेतली, म्हणजे १३५ च्या कोपऱ्याला साडेबावीस-साडेबावीस, आणि आत दोन्हीकडे आटे असलेला स्क्रू. सांधा शोधूनही दिसत नाही. पण सुतार चांगला हवा, अर्ध्या अंशाची चूकही लाकडात उघडी पडते.

आणि एक. भिंत विटा-चुन्याची असेल तर गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती खुंटी, मारूच नका. चुना भुगा होतो, भोक मोठं होत जातं, गिट्टी गोल फिरत राहते. आम्ही तिन्ही बाजूंना आधी लाकडी पट्टी लावली, भिंतीला जिथे पकड मिळाली तिथे लांब स्क्रू मारले, आणि ब्रॅकेट पट्टीवर हवे तिथे. पट्टीला भिंतीचाच रंग दिला.

राजेंद्रनगरची सून

मावशी, आयलेट मोजली. बाजूच्या पडद्यांना नऊ-नऊ आहेत! एकेक वाढवून घेते. काका, आज मधल्या भिंतीत ड्रिल मारायला घेतलं. इंचभर आत गेलं आणि मग पुढे सरकेचना. शेजाऱ्यांचं साधं ड्रिल आहे. भिंत विटांची नाही का मग?

फिटरकाका

भोकातून काय पडतंय ते बघा. लाल भुकटी म्हणजे वीट. राखाडी म्हणजे काँक्रीट, आणि खिडकीच्या वर तेच असणार, तिथे बीम असतो. काँक्रीटला साधं ड्रिल चालत नाही. हॅमर ड्रिल भाड्याने आणा आणि भिंतीचंच बिट लावा, लाकडाचं नको. ८ मिलिमीटरचं बिट, ८ ची गिट्टी, भोक गिट्टीपेक्षा थोडं खोल. आतली भुकटी फुंकून काढल्याशिवाय गिट्टी घालू नका. फुंकताना डोळ्यांवर चष्मा असू द्या.

हॅमर लावूनही थांबलं, आवाज एकदम कर्कश झाला आणि चमकणारे कण पडले, तर खाली सळई आहे. जोर लावायचा नाही. अर्धा-पाऊण इंच वर सरका. मात्र एक ब्रॅकेट वर गेला की सगळेच तेवढे वर घ्यावे लागतात, म्हणून पहिलं भोक मधल्या ब्रॅकेटचं मारा, ते लागलं की त्या उंचीवर तिन्ही भिंतींवर पाणसळीने रेघ ओढा आणि मगच बाकीची भोकं. छतापासून मोजून खुणा करू नका, छत सपाट असेलच असं नाही.

जोडाचे स्क्रू पडदे ओवून, पाईप सगळ्या ब्रॅकेटांत नीट बसल्यावर शेवटी आवळा. दोन-तीन आठवड्यांनी स्टुलावर चढून पुन्हा एकदा किल्ली फिरवून घ्या.