पिकअपच्या इंजिनातून टिकटिक, हेड उतरवायच्या आधी सल्ला हवाय

नमस्कार मंडळी,
गाडी २०१५ ची डिझेल पिकअप. चार सिलिंडर, कॉमन रेल, १ लाख ८६ हजार किलोमीटर झालेत. हंगामात गुऱ्हाळावरून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ, आणि आठवड्यातून दोनदा राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली. येताना नारळ.

पहाटे पाचला स्टार्टर मारला की बॉनेटखालून टिक-टिक-टिक सुरू. पत्र्यावर नखानं वाजवावं तसा कोरडा, बारीक आवाज. ॲक्सिलरेटर दिला की त्याच चालीनं तोही पळतो. दहा-पंधरा मिनिटांत गाडी तापली की जवळजवळ जातो. घाट चढताना लोड आला की परत हजर. जिथं रस्त्याला दरड लागून आहे तिथं तर आपटून खिडकीतून आत येतो. धूर नेहमीसारखा, ऑइलचा दिवा लागत नाही.

ऑइल-फिल्टर मागच्याच महिन्यात बदलले, डिपस्टिकवर पातळी बरोबर आहे. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) सेट करून घेतले, फरक शून्य. आता फिटर म्हणतोय, "हेड उतरवूया, मग दिसंल." म्हणजे सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला अख्खा भाग खोलायचा. अंदाज ३५ हजार, आणि गाडी आठ दिवस उभी. ऐन हंगामात. वडिलांचं म्हणणं, "वाजतीय म्हंजे चालतीय. बंद पडली की बघू." याच तत्त्वावर आमचा एक ट्रॅक्टर गेलेला आहे.

कुणाला असा अनुभव?

प्रतिसाद १
कनेक्टिंगचं (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलं असतं तर आवाज जड आला असता, ठक-ठक, खालून ऑइल चेंबरच्या बाजूनं. शिवाय इंजिन तापल्यावर ऑइल पातळ होतं, म्हणून तो आवाज वाढतो. तुमचा कमी होतोय. तेव्हा खालचं काम निघणार नाही असं वाटतं. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखं काळं साठलंय का? असेल तर तांब्याचा वॉशर लीक आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवा, मूठ कानाला लावून ऐका. बाही बेल्टपासून लांब ठेवा.

प्रतिसाद २
आधी मोजा. आयडलला ८०० आरपीएम धरले तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात. टिकटिक त्या चालीत असेल तर भानगड कॅम-टॅपेट, इंजेक्टर किंवा कुठल्या तरी एका सिलिंडरची. सेकंदाला तेरा भरले तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, चालीचं काहीतरी. कानानं मोजता येणार नाही, मोबाईलवर रेकॉर्ड करून हळू वाजवा.

धागाकर्ता
मोजलं. दहा सेकंदांत ६८. इंजेक्टरचं बूड स्वच्छ आहे. स्क्रूड्रायव्हर लावला तर टॅपेट कव्हरमधून शिलाई मशीनसारखा एकसारखा आवाज येतो, त्यात ती टिक वेगळी सापडत नाही. गंमत म्हणजे स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून नुसतं वाकलं की ती जास्त स्पष्ट येते. लोखंडातून कमी, हवेतून जास्त. डोकं चालेना झालंय.

प्रतिसाद ३
भावा, हेडला हात लावू नगंस. हवेतनं येतोय म्हणजे गॅस निसटतोय. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बघ, हेडला बसवलेला, सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा लोखंडी पाइप. थंड असताना फट असते, तापलं की लोखंड फुगतं आणि फट मिटते. घाटात दाब वाढला की परत फुसकारा मारतो, तोच तुला टिक वाटतोय. पाण्याच्या पायपाचा दीड हात तुकडा घे, एक टोक कानाला, दुसरं मॅनिफोल्डच्या कडेनं फिरव. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. नाहीतर साबणाचं पाणी मारून स्टार्टर दे, जिथं फेस उडंल तिथं चोर. वरचा पत्रा काढून काजळी पण बघ. आणि सापडेपर्यंत काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नकोस. ह्या गॅसला वास येईलच असं नसतं.

धागाकर्ता
सापडला! पत्रा काढला तर चार नंबरच्या सिलिंडरपाशी काजळीचा पंखा पसरलेला, आणि मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणाऱ्या आट्यांच्या दांड्यांपैकी (स्टड) शेवटच्याचं टोक नटासकट गायब. बाकीच्या नटांना गंज धरलेला, हा एक तुटून कुठल्या घाटात पडला देव जाणे.

उद्यमनगरात एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. स्टड हेडमधून जेमतेम दोन आटे बाहेर होता. त्यानं रात्रभर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला, सकाळी तुटक्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्ड भरलं आणि लाली गेल्यावर पाना लावला. एकदम ओढला नाही. चतकोर पुढं, चतकोर मागं. पहिल्यांदा कर्रकन वाजला तेव्हा आता आतच मोडतोय म्हणून माझ्या पोटात गोळा. पण आला बाहेर, सबंध. मॅनिफोल्ड सपाट प्लेटवर उलटा ठेवला तर एका टोकाखाली ०.३ मिमीचा फिलर गेज सरळ आत गेला. वाकला होता, तेव्हा नुसतं गॅसकेट (मधली सील करणारी पातळ पट्टी) बदललं असतं तर महिन्यात परत तेच. मॅनिफोल्डचं तोंड मशीनवर सपाट करून घेतलं, गॅसकेट आणि सगळे स्टड-नट नवे, मधून कडेला या क्रमानं टॉर्क पान्यानं कसले. सगळे मिळून ४,२०० रुपये, आणि दुपारी गूळ भरायला हजर.

आज पहाटे स्टार्टर मारला तर वडील बाहेर आले. "चालू हाय न्हवं?"

एक शंका राहिली. हे नट परत कसायचे का?

प्रतिसाद ३
दोन-चार दिवस गाडी चालव, मग एकदा तपास. पहाटे, थंड असताना. गरम मॅनिफोल्डवर पाना लावू नकोस, नवा स्टड पण मोडशील.