अनुभव धागा : प्रतिकृती पूर्ण झाली, हे आपण कशावरून ठरवता?

मराठवाड्यात लाकूड, पुठ्ठा, प्लास्टिक किंवा रेझिन वापरून प्रमाणबद्ध प्रतिकृती करणाऱ्या सर्वांना हे आवाहन आहे. सुरुवात कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण कुठे थांबावे याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आपण हातातला ब्रश कशाच्या आधारावर खाली ठेवता, ते कृपया सविस्तर लिहावे.

लातूर
बार्शी लाइट रेल्वेच्या लातूरला येणाऱ्या छोट्या गाडीचा देखावा मी १:८७ या प्रमाणात करत आहे. या मार्गाच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर होते. त्याला ८७ ने भागल्यास जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि तयार रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. हा फरक मी विचारपूर्वक स्वीकारला, कारण हातभर अंतरावरून प्रतिकृती पाहणारा माणूस खऱ्या गाडीकडे सुमारे ४० मीटरवरून पाहत असतो आणि तेवढ्या अंतरावरून रुळांमधले दोन सेंटिमीटर कोणाच्याही लक्षात येत नाहीत. प्रत्येक तपशिलाला मी हाच हिशेब लावतो : ४० मीटरवरून डब्याच्या पायऱ्या आणि इंजिनावरची काजळी दिसते, म्हणून ती हवीच, दाराच्या कडीचे स्क्रू दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी काम अडवून ठेवायचे नाही. मोबाइलने अगदी जवळून काढलेल्या छायाचित्रावरून निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यात अंतराचा हिशेबच मोडतो. देखाव्याचा काळही आधी ठरवावा. माझे स्थानक ब्रॉडगेज येण्यापूर्वीच्या एका उन्हाळ्यातले आहे, त्यामुळे वाळलेले गवत आणि धुळीने माखलेला फलाट एवढे जमले की तो भाग मी पूर्ण समजतो.

छत्रपती संभाजीनगर
लातूरच्या सरांचा अंतराचा नियम मला मान्य आहे, तथापि इमारतीला तो पुरत नाही. मी बीबी का मकबऱ्याची प्रतिकृती करते. तेथे भिंतींचा खालचा पट्टा आणि घुमट संगमरवरी आहेत, तर मधल्या भागात बेसाल्टच्या बांधकामावर गिलावा आहे. दुरून सगळेच पांढरे दिसते, पण संगमरवर उजेड किंचित आत घेतो आणि गिलावा तो परतवतो. त्यामुळे मी दोन वेगळे पांढरे रंग वापरते, घुमटावर हलकी चमक ठेवते आणि प्रतिकृती सकाळच्या तिरप्या उन्हात नेऊन पाहते. कोणी न सांगता घुमट भिंतींपासून वेगळा कळला, तर काम झाले. तो कळत नसेल, तर जाळीदार नक्षी कितीही बारीक कोरलेली असली तरी मी ते काम झाले असे म्हणणार नाही.

नांदेड
आमच्या घरी सुतारकाम चालत आले आहे आणि मी सागवानाच्या बैलगाड्या १:१० प्रमाणात करतो. तुंबा, आरे, धाव, आख, जू, शिवळा हे सगळे भाग खऱ्या गाडीसारखेच जोडायचे, फेविकॉल शक्यतो वापरायचा नाही. लांबी दहापट कमी झाली की वजन हजारपट कमी होते, म्हणून एक टन मालाच्या जागी एक किलो ज्वारी भरून मी गाडी फरशीवर ओढतो. चाके कुरकुर न करता सरळ चालली की माझ्या दृष्टीने गाडी झाली. पॉलिश त्यानंतरचे आहे आणि ते नसले तरी चालेल.

परभणी
१:३५ च्या रणगाड्यावर मॅट वार्निशचा हात बसला की मी थांबतो. एप्रिल-मेमध्ये एअरब्रशचा रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकून खरखरीत होतो, म्हणून हा हात पहाटेच द्यावा.

धाराशिव
नळदुर्गच्या बोरी नदीवरील बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल मी करत आहे. पाण्यासाठी रेझिन पातळ थरांनी ओतावे लागते आणि ते घट्ट झाल्यावर आतल्या दगडाला पुन्हा हात लावता येत नाही. नांदेडच्या दादांना गाडी चालवून पाहून खोलता येते, तशी सोय मला नाही. म्हणून तळ, शेवाळ, भिंतीवरची ओल हे सगळे पूर्ण झाल्याचा निर्णय मला पहिला थर ओतण्यापूर्वीच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मी आधी नुसते पाणी भरून पाहतो, कारण ओल्या दगडाचा रंग कोरड्यापेक्षा गडद दिसतो आणि रंगाची शेवटची दुरुस्ती त्यावरूनच ठरते.