प्रादेशिक वेव्हफॉर्ममधून मोमेंट टेन्सर: मेकॅनिझम मिळतंय, खोलीचा आलेख मात्र सपाट येतोय

प्रश्न

मोमेंट मॅग्निट्यूड ४.६ च्या आसपासचा भूकंप. त्याचा मोमेंट टेन्सर (स्रोतातल्या बलांचं वर्णन) आणि त्यातून मेकॅनिझम (फॉल्टची दिशा आणि सरकण्याची तऱ्हा) काढायचंय. सात ब्रॉडबँड स्टेशनं, अंतर ४८ ते ४२० किमी, सगळ्यात मोठी अझिमुथ गॅप (स्टेशन नसलेली दिशांची पोकळी) ११० अंश. तिन्ही घटक डिस्प्लेसमेंटमध्ये आणून ०.०२ ते ०.०५ हर्ट्झच्या बँडमध्ये फिल्टर केलेत. वेगाचं मॉडेल एकमितीय, म्हणजे फक्त खोलीनुसार बदलणारं. डेव्हिॲटोरिक इन्व्हर्जन (आकारमान बदलत नाही असं धरून रेकॉर्डवरून स्रोत काढणं), खोली २ ते ३० किमी, १ किमीच्या पायरीनं.

अडचणी अशा:

व्हेरियन्स रिडक्शन (फिट किती चांगला त्याचं माप) ६ ते १६ किमीपर्यंत ७१ ते ७४ टक्क्यांतच घुटमळतं. शिखर १२ किमीला आहे, पण त्याला शिखर म्हणवत नाही. ८ किमीपर्यंत रिव्हर्स (दाबामुळे वर सरकणारं) मेकॅनिझम येतं, १४ च्या पुढे ते ऑब्लिककडे (तिरक्या सरकण्याकडे) झुकतं. सीएलव्हीडी, म्हणजे साध्या फॉल्ट-सरकण्यात न बसणारा भाग, ३८ टक्के. आणि २१० किमीवरच्या एका स्टेशनचा ट्रान्सव्हर्स (लहरीच्या मार्गाला आडवा) घटक काही केल्या बसत नाही.

कॅटलॉगमध्ये खोली १० किमी दिली आहे. आलेख सपाटच असेल तर १२ ऐवजी तीच धरावी का?

उत्तर १

कॅटलॉगमधल्या नेमक्या १० किमीवर भिस्त ठेवू नका. लोकेशनला खोली सोडवता आली नाही की ती एका ठरावीक आकड्यावर खिळवून ठेवतात, आणि तो आकडा बऱ्याचदा १० असतो. जुन्या याद्यांत ३३ किमी असाच सारखा भेटतो. ग्लोबल सीएमटी या जागतिक मोमेंट टेन्सर यादीतलं १२.० किमी हेही त्याच जातीचं: उत्तर त्याहून उथळ जाऊ लागलं की खोली तिथे थांबवतात.

तुमचं सगळ्यात जवळचं स्टेशन ४८ किमीवर आहे. पी लहरीचा (आधी येणारी, दाबाची) वेग ६.० आणि एस लहरीचा (मागून येणारी, आडव्या हालचालीची) ३.४६ किमी प्रति सेकंद धरा. खोली ६ किमी असो वा १६, त्या स्टेशनपर्यंतचं तिरकं अंतर ४८.४ वरून ५०.६ किमी होतं, म्हणजे एस वजा पी वेळेत फरक जेमतेम ०.२७ सेकंदाचा. एस ची पोहोचवेळ टिपतानाच तेवढी चूक होते. त्यामुळे पोहोचवेळांतून खोली निघणार नाही, ती वेव्हफॉर्ममधूनच काढावी लागेल.

पण आधी ते न बसणारं स्टेशन. ट्रान्सव्हर्स बिघडलाय, व्हर्टिकल नीट आहे, म्हणजे सेन्सरच्या दिशेचा संशय घ्यायचा. उत्तर घटक खऱ्या उत्तरेकडे नसेल तर रोटेशनमध्ये रॅली लहर (पृष्ठीय, उभ्या आणि पुढच्या हालचालीची) ट्रान्सव्हर्सवर गळते आणि लव्ह लहर (पृष्ठीय, आडव्या हालचालीची) रेडियलवर, म्हणजे स्रोताच्या दिशेच्या घटकावर. तपासणी सोपी आहे. दूरच्या एखाद्या मोठ्या भूकंपाचा त्याच स्टेशनचा रेकॉर्ड घ्या, २५ ते ५० सेकंदांच्या रॅली लहरींचा व्हर्टिकल ९० अंशांनी फेज सरकवा आणि आडवे घटक एकेक अंशानं फिरवत रेडियलशी सर्वाधिक जुळणारी दिशा शोधा. ती खऱ्या बॅक-अझिमुथपासून (स्टेशनवरून भूकंपाकडची दिशा) जितकी दूर, तितकी सेन्सरची चूक. एका भूकंपावर थांबू नका, वेगवेगळ्या दिशांचे चार-पाच घ्या.

सीएलव्हीडीचा मोठा आकडा दिसला की आधी अशाच चुकांचा हिशेब करायचा, स्रोताचा नंतर. वाईट घटक, चुकीचं मॉडेल, कमी स्टेशनं हे सगळं तिथे साचतं. डबल कपल (निव्वळ फॉल्टवरचं सरकणं) सक्तीनं धरून इन्व्हर्जन पुन्हा चालवा. व्हेरियन्स रिडक्शन एक-दोन टक्क्यांनीच घटलं तर त्या ३८ टक्क्यांना भौतिक अर्थ देऊ नका.

हात फिरवताना आणखी एवढं पाहून घ्या:

– मूळ काउंट्स उघडून पाहा. २४ बिटांच्या डिजिटायझरवर ± ८३,८८,६०८ च्या जवळ माथा कापलेला असेल तर तो घटक बाद. फिल्टर लावल्यावर क्लिपिंग गुळगुळीत होऊन लपतं, म्हणून हे फिल्टरच्या आधीच बघायचं.

– जवळच्या स्टेशनांवर टिल्टचा झटका असतो. डिस्प्लेसमेंटमध्ये आणल्यावर पी किंवा एस पासून एक मोठा, हळू ओसरणारा फुगवटा दिसतो. तो ०.०२ हर्ट्झच्या खालून बँडमध्ये शिरतो.

– डेटाला आणि ग्रीन्स फंक्शनला (मॉडेलमधून काढलेल्या प्रतिसादाला) अगदी एकच फिल्टर लावा, पोल्सची संख्याही तीच. एकीकडे झीरो-फेज (वेळ न सरकवणारा) आणि दुसरीकडे कॉझल (उशीर करणारा) असेल तर काही सेकंदांचा फरक पडतो. टाइम शिफ्ट (जुळवताना लहर पुढेमागे सरकवणं) तो मुकाट्यानं गिळते आणि तुम्हाला कळतही नाही.

– एककं. सॅक या प्रोग्राममध्ये पोल-झीरो फाइलनं उपकरणाचा रिस्पॉन्स काढला तर उत्तर मीटरमध्ये येतं, इव्हॅलरेस्प या पर्यायानं काढला तर नॅनोमीटरमध्ये. या घोळात मॅग्निट्यूड थेट ६ नं चुकतं, म्हणून तो लगेच पकडला जातो. मीटर आणि सेंटिमीटरच्या घोळात चूक १.३३ ची होते, ती जास्त फसवी.

प्रश्नकर्ता

आभार. त्या स्टेशनचे आडवे घटक २४ अंशांनी फिरलेले निघाले, पाच दूरच्या भूकंपांत २१ ते २७ च्या दरम्यान. दुरुस्ती केल्यावर सीएलव्हीडी १३ टक्के झाला आणि मेकॅनिझम सगळ्या खोल्यांवर रिव्हर्स राहतं. आलेख मात्र तसाच सपाट.

नवी अडचण: मॉडेलवर फार विश्वास नाही म्हणून टाइम शिफ्टची मुभा ± ५ वरून ± १२ सेकंद केली. व्हेरियन्स रिडक्शन ८१ वर गेलं, पण बीचबॉल (मेकॅनिझमचं गोल चित्र) उलटा झाला! नॉर्मल फॉल्टिंग (ताणाचं), पी (दाबाचा) आणि टी (ताणाचा) अक्षांची अदलाबदल. जास्त चांगला फिट खरा मानायचा का?

उत्तर २

नाही. हा सायकल स्किप आहे. तुमच्या बँडमध्ये सगळ्यात लहान आवर्तकाल २० सेकंदांचा, त्याचा अर्धा १० सेकंद. लहर अर्ध्या आवर्तनानं सरकवली की शिखराच्या जागी दरी येते, म्हणजेच चिन्ह उलटतं. ± १२ ची मुभा दिली की प्रोग्रामला सगळी स्टेशनं अर्ध्या आवर्तनानं सरकवून टेन्सरचं चिन्ह फिरवायची वाट मोकळी होते. लहरींच्या पुंजक्यात चार-पाचच आवर्तनं असतात, त्यामुळे अशी उलटी जुळणीही डोळ्याला छान दिसते. शिफ्टची मर्यादा बँडमधल्या सगळ्यात लहान आवर्तकालाच्या चौथ्या हिश्श्याच्या आत ठेवा, म्हणजे इथे ± ५ च.

शहानिशा पी च्या पहिल्या हालचालीनं करा. त्यासाठी फिल्टर न केलेला व्हर्टिकल वापरा, कारण झीरो-फेज फिल्टर पी च्या आधीच एक खोटी वळवळ तयार करतो आणि वर-खालीचा निर्णय चुकतो. चार-पाच स्वच्छ पोलॅरिटी (पहिली हालचाल वर की खाली) पुरतात. इन्व्हर्जनमधून आलेल्या बीचबॉलवर त्या टाका. टेकऑफ अँगल (किरण स्रोतातून निघतो तो कोन) मात्र त्याच मॉडेलमधून आणि त्याच खोलीसाठी काढा: ४८ किमीवर पोहोचणारा किरण वरच्या दिशेनं निघालेला असू शकतो, तर ३४० किमीवरचा पीएन (कवचाच्या तळाखालून धावणारी पी) खाली, उभ्या रेषेपासून साधारण ४९ अंशांवर निघतो (कवचात ६.०, मॅन्टलमध्ये ८.० धरून). नोडल रेषेजवळच्या (वर आणि खाली यांच्या सीमेवरच्या) स्टेशनांची पोलॅरिटी मोजू नका.

शिफ्टचे आकडे फेकून देऊ नका, त्यांच्यात माहिती असते. अंतराबरोबर एकाच चिन्हानं वाढत गेले तर मॉडेल मंद किंवा वेगवान आहे. एका बाजूची स्टेशनं पुढे, समोरच्या बाजूची मागे, असं असेल तर अपिकेंद्र सरकलेलं आहे. १० किमीच्या चुकीला पृष्ठीय लहरींत सुमारे ३ सेकंद पडतात. एकच स्टेशन विचित्र असेल तर घड्याळ, जीपीएस लॉकची नोंद बघा.

आता खोली. तुमचा आलेख सपाट आहे यात इन्व्हर्जनची चूक नाही. ३० सेकंदांची पृष्ठीय लहर ३.२ किमी प्रति सेकंदानं जाते, तरंगलांबी ९६ किमी. तिच्या दृष्टीनं ६ आणि १६ किमीमध्ये दहाव्या हिश्श्याचा फरक. या बँडला तुम्ही मेकॅनिझम आणि मोमेंट विचारा, ती दोन्ही तो नीट सांगतो. खोली विचारायला दुसरा डेटा लागतो.

पहिला उपाय म्हणजे १५० किमीच्या आतली स्टेशनं ०.०५ ते ०.१ हर्ट्झमध्ये चालवणं. १० सेकंदांना तरंगलांबी ३२ किमीवर येते आणि आलेखाला पोट येतं. दूरची स्टेशनं या बँडमध्ये घेऊ नका, एकमितीय मॉडेल तिथे टिकत नाही. चौथ्या हिश्श्याचा नियम लावला तर शिफ्टची मर्यादाही आता अडीच सेकंदांवर येते.

दुसरा, कट अँड पेस्ट पद्धत. पी पासून सुरू होणारा पीएनएलचा (पी आणि तिच्या लगेच मागच्या लहरींचा) तुकडा आणि पृष्ठीय लहरींचा तुकडा वेगळे कापून प्रत्येकाला वेगळी शिफ्ट द्यायची. झाओ आणि हेल्मबर्गर यांनी ती १९९४ मध्ये मांडली. खोलीसाठी तिचा फायदा असा की उथळ स्रोत पृष्ठीय लहरी जोरात उठवतो आणि खोल स्रोत कमी, त्यामुळे दोन तुकड्यांच्या ॲम्प्लिट्यूडचं गुणोत्तर खोली धरून ठेवतं. पीएनएलचा तुकडा लहान असतो. त्याला वजन वाढवून दिलं नाही तर पृष्ठीय लहरी त्याला झाकून टाकतात आणि तुम्ही पुन्हा सपाट आलेखावर येता.

तिसरा उपाय डेप्थ फेजचा (स्रोतातून वर जाऊन पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरींचा), आणि माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

उत्तर ३

डेप्थ फेजबद्दल आकड्यांसह लिहितो. नावांचा गोंधळ नको म्हणून: वर जाताना पी आणि पृष्ठभागावरून परतताना पी, तिला 'लहान पी–पी' म्हणू. वर जाताना एस आणि परतताना पी, ती 'लहान एस–पी'. वाटेत मधे पृष्ठभागावर आपटून येणारी मोठी पीपी वेगळी, ती सुमारे मिनिटभर किंवा त्याहून जास्त उशिरा येते.

कवचाचा वेग वरचाच धरला, तर १० किमी खोलीला ३० ते ९० अंश अंतरावर लहान पी–पी ही पी नंतर २.९ ते ३.२ सेकंदांनी येते आणि लहान एस–पी ४.२ ते ४.५ सेकंदांनी. आता १४ किमीसाठी लहान पी–पी काढा: ४.३ च्या आसपास. म्हणजे १० किमीवरची एस–पी ही पी–पी समजून बसलात तर खोली १४ येते. स्ट्राइक-स्लिपमध्ये (आडव्या सरकण्यात) ही चूक फार होते, कारण तिथे दूर जाणारे पी किरण नोडल भागाजवळून निघतात आणि एस–पी च ठळक दिसते. म्हणून आधी मेकॅनिझम, त्यावरून सिंथेटिक (गणितानं बनवलेला रेकॉर्ड), आणि मग फेजला नाव. समुद्राखालचा भूकंप असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावरून परतलेली लहर पण येते. ३ किमी पाण्याला ४ सेकंद जादा.

४.६ चा भूकंप एकेकट्या दूरच्या स्टेशनवर अस्पष्ट असतो. ॲरे (एकत्र वाचायचा स्टेशनांचा पुंज) वापरा, उदाहरणार्थ कॅनडातला येलोनाइफ किंवा ऑस्ट्रेलियातला वॉरामुंगा: बीम (सगळ्या स्टेशनांची जुळवून केलेली बेरीज) तयार करून ०.८ ते २.५ हर्ट्झमध्ये पाहा. एका ॲरेवर दिसलेलं शिखर पुरेसं नाही, रिसीव्हरखालच्या थरांचे प्रतिध्वनीही तसेच दिसतात. दोन वेगळ्या खंडांतल्या ॲरेवर तोच फरक आला तरच तो स्रोताचा.

तुमच्या स्वतःच्या डेटात त्याहून हाताशी असलेली गोष्ट म्हणजे एसपीएन: स्रोतातून वर एस, पृष्ठभागावर पी होऊन मोहोच्या (कवच आणि मॅन्टलच्या सीमेच्या) खालून पीएनसारखी धाव. पीएन आणि तिच्यातलं अंतर स्टेशन कितीही दूर असलं तरी बदलत नाही, फक्त खोलीवर ठरतं. वरच्या वेगांनी हिशेब केला तर दर किलोमीटर खोलीला ०.३७ सेकंद, १० किमीला ३.७. तुमची ३०० किमीपलीकडची स्टेशनं पीएनवर रांगेत लावा. शिखर उभ्या रेषेत राहिलं तर एसपीएन. अंतराबरोबर सरकत गेलं तर ती पीजी (कवचातूनच येणारी पी) किंवा दुसरं काही.

आणि एक सूचना उत्तर २ ला जोडून: खोलीच्या पायऱ्या मॉडेलमधल्या थराच्या सीमेवर नेमक्या पडू देऊ नका. सीमेवर कडकपणा उडी मारतो, मोमेंट त्याबरोबर उडी मारतं आणि आलेखात खोटी खाच दिसते. अर्धा किमी अलीकडे किंवा पलीकडे ठेवा.

प्रश्नकर्ता

शिफ्ट पुन्हा ± ५ वर आणली. सहाही स्वच्छ पोलॅरिटी रिव्हर्सशी जुळतात. ३४० आणि ४२० किमीच्या स्टेशनांवर पीएननंतर ३.३ आणि ३.४ सेकंदांनी एक शिखर आहे, जागचं हलत नाही. ०.०५ ते ०.१ हर्ट्झमध्ये जवळच्या तीन स्टेशनांवर आलेख ९ किमीला तळाशी... म्हणजे मिसफिटचा तळ ९ ला आहे. ९ लिहू का? आणि अनिश्चितता कशी द्यायची?

उत्तर ३

३.३५ भागिले ०.३७ म्हणजे ९.१. दोन स्वतंत्र मार्ग एका जागी आलेत, ९ लिहा.

अनिश्चिततेसाठी एकेक स्टेशन काढून सात वेळा इन्व्हर्जन चालवा, मग दोन-तीन पटण्याजोग्या वेग-मॉडेलांवर पुन्हा. दुसऱ्या फेरीतला पसारा जवळपास नेहमीच मोठा असतो, तोच द्या. मेकॅनिझमसाठी प्रत्येक उत्तराचा मुख्य उत्तराशी केगन कोन (दोन मेकॅनिझममधला फरक) काढा. सगळे २० अंशांच्या आत असतील तर ते एकच मेकॅनिझम. एसपीएनला एस चा वेग ५ टक्के बदलून पाहा, खोली सुमारे ०.३ ते ०.४ किमीनं हलेल.

खोलीच्या रकान्यापुढे ती कशातून आली तेही नोंदवा: वेव्हफॉर्ममधून येते ती सेंट्रॉइडची (सोडलेल्या मोमेंटच्या मध्याची), एसपीएनमधून येते ती विभंगाची सुरुवात जिथे झाली तिथली. ४.६ ला फाटलेला भाग एक-दोन किमीचा, त्यामुळे इथे दोन्ही एकच. ७ च्या भूकंपात त्या दोहोंत १० किमीचाही फरक पडू शकतो.

उत्तर १

त्या फिरलेल्या स्टेशनची २४ अंशांची दुरुस्ती तारखेसह मेटाडेटा सांभाळणाऱ्यांना कळवा. सेन्सर मधे कधी बदलला असेल तर जुन्या भूकंपांना तीच दुरुस्ती लावणं चूक ठरेल, म्हणून बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दूरचे भूकंप वेगळे करून कोन पुन्हा काढा.