निक रॉस: स्कॉटलंडच्या संघात का नाही, प्रेस्टनच्या विक्रमात का नाही?

गोदाकाठ, नांदेड
शाळेच्या फुटबॉल संघासाठी जुन्या बचावपटूंचा तक्ता करतोय. स्कॉटलंडच्या निक रॉसला १८८० च्या दशकातला अव्वल बॅक, म्हणजे बचावपटू, म्हणतात. मग स्कॉटलंडकडून एकही सामना नाही आणि प्रेस्टन या इंग्लंडमधल्या क्लबच्या १८८८-८९ च्या अपराजित संघातही तो नाही, हे कसं? आणि दोनच बॅकवर बचाव चालायचा कसा? पोरांकडून करून घ्यायचंय.

जुना_बॅक, लातूर
दोन्हींचं मूळ पैशात आहे. एडिनबराचा हा गडी तिथल्याच हार्ट्स क्लबचा कर्णधार होता, १८८३ ला प्रेस्टनला गेला. इंग्लंडनं पैसे घेऊन खेळणारे व्यावसायिक खेळाडू १८८५ ला मान्य केले, स्कॉटलंडनं १८९३ ला. त्यात इंग्लंडमधल्या क्लबात खेळणाऱ्याला स्कॉटलंड १८९६ पर्यंत घेतच नव्हतं. रॉस १८९४ ला क्षयानं गेला, वय ३१. संधी येणार कुठून?
१८८८ ची एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेची फायनल प्रेस्टन वेस्ट ब्रॉमविचकडून २-१ हरलं, त्यात तो होता. मग एव्हर्टननं त्याला नेलं आणि नेमक्या त्याच हंगामात प्रेस्टननं लीग व कप दोन्ही मारले. एव्हर्टन आठवं! १८८९ ला तो परतला, म्हणून १८८९-९० चं विजेतेपद त्याच्या नावावर आहे. तक्त्यात जिमी रॉसशी गल्लत नको. तो धाकटा भाऊ, फॉरवर्ड, आणि अपराजित संघात होता.

पाथरी_एक्सप्रेस
बचावाचं सांगतो. १९२५ पर्यंत पास सुटताना फॉरवर्डच्या पुढं विरोधी संघाचे तीन जण लागायचे, नाहीतर ऑफसाइड, म्हणजे चुकीच्या जागी उभा म्हणून खेळ थांबायचा. गोलकीपर धरून दोन बॅक झाले की तीन भरले. म्हणून एक बॅक पंधरा-वीस पावलं पुढं, दुसरा मागं राखणीला. फॉरवर्ड पुढच्या बॅकला ओलांडून उभा असला की दोनच उरतात, शिट्टी. १९०७ पर्यंत फॉरवर्ड स्वतःच्या अर्ध्या मैदानात असला तरी ऑफसाइड लागायचा, म्हणून पुढचा बॅक मध्यरेषा ओलांडून गेला तरी चालायचं.

गोदाकाठ, नांदेड
पोरं दोघं एका रेषेत उभी राहतात, आणि फॉरवर्ड पळाला की पुढचाही मागं धावतो.

पाथरी_एक्सप्रेस
तिथंच सगळं बिघडतं. पुढचा मागं आला की तीन पुरे, ऑफसाइड संपला. एका रेषेत असले तर चेंडू पायात घेऊन दोघांना चकवणारा थेट गोलकीपरपुढं. ड्रिबलला ऑफसाइड नसतो. आधी दोन फॉरवर्डच ठेवा, पुढच्या बॅकला पास सुटेपर्यंत जागा सोडू देऊ नका. शिट्टी देणारा बाजूला, पुढच्या बॅकच्या रेषेत उभा करा. मागून त्याला काही दिसत नाही.